सिंड्रेलाचा रंग कोणता?

प्रश्न : माझी नात अमेरिकेत न्यू जर्सीला अकरावीत शिकते. तिच्या शाळेत ‘इनटू द वुड्स’ नावाचं संगीत नाटक बसतंय आणि तिला त्यात सिंड्रेलाचं काम मिळालं आहे. पोर गाते छान, त्यामुळे घरी सगळ्यांना आनंदच झाला. पण ती चांगली सावळी आहे, केस काळेभोर, नाव-आडनाव अस्सल मराठी. ती सहा वर्षांची असताना, २०१४ च्या नाताळात, आम्ही तिला ब्रॉडवेवर ‘सिंड्रेला’ दाखवायला नेलं होतं. तेव्हाही सिंड्रेलाचं काम एका कृष्णवर्णीय मुलीने केलं होतं. सुरुवातीला मला चमत्कारिक वाटलं, पण नंतर विसरूनच गेलो. तिकडच्या प्रेक्षकांना हे मनापासून पटतं, की सभ्यतेपोटी ते गप्प बसतात? उद्या नातीला कुणी काही बोललं तर?
– एक आजोबा, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘सुरुवातीला चमत्कारिक वाटलं, पण नंतर विसरूनच गेलो.’ तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. म्हणून आधी मीच तुम्हाला विचारते : विसरलात ते नेमकं कधी?

माझा अंदाज सांगते. त्या नाटकात एक जागा अशी आहे की पाहिलेला माणूस ती विसरत नाही. ठिगळं लावलेल्या कपड्यांतली सिंड्रेला रंगमंचाच्या मध्यावर उभी असते. दिवे मालवत नाहीत, पडदा पडत नाही, कुणी आडोसा धरत नाही. ती जागच्या जागी गिरकी घेते आणि त्या एका गिरकीत चिंध्यांच्या जागी पायघोळ झगा झळकू लागतो. तो झगा त्या चिंध्यांच्या घड्यांतच दडवलेला असतो. विल्यम आयव्ही लाँग यांना २०१३ चं वेशभूषेचं टोनी पारितोषिक मिळालं ते याच नाटकासाठी. सगळं थिएटर एका वेळी श्वास रोखून धरतं आणि मग टाळ्या पडतात. डोळ्यांदेखत चिंध्यांचा झगा झालेला ज्याने मान्य केला, तो त्यानंतर झगा घालणारीच्या कातडीवर अडून कसा बसेल? प्रेक्षकाचं मन एकदा मोठं झालं की ते लगेच आखडत नाही.

तुम्ही पाहिलीत ती मुलगी म्हणजे कीकी पामर. सप्टेंबर २०१४ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी तिने ती भूमिका घेतली आणि ती ब्रॉडवेवरची पहिली कृष्णवर्णीय सिंड्रेला ठरली. ३ जानेवारी २०१५ ला ते नाटक बंद झालं, म्हणजे तुमच्या नातीने अगदी शेवटच्या दिवसांतला प्रयोग पाहिला. पण ‘पहिली’ म्हणताना जरा मागे जावं लागतं. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या जोडीने हे संगीत नाटक लिहिलं ते रंगभूमीसाठी नव्हेच, टेलिव्हिजनसाठी. ३१ मार्च १९५७ ला ज्यूली अँड्र्यूजला घेऊन ते थेट प्रसारित झालं आणि दहा कोटींहून जास्त लोकांनी ते पाहिलं. ब्रॉडवेवर यायला त्याला २०१३ साल उजाडलं. आणि या दोन्हींच्या मध्ये आहे १९९७ चा नोव्हेंबर.

त्या नोव्हेंबरात अमेरिकन टेलिव्हिजनवर याच कथेचा नवा अवतार आला. गायिका व्हिटनी ह्यूस्टनने बरीच वर्षं मनात धरून ठेवलेला हा प्रकल्प होता. आधी ती स्वतःच सिंड्रेला होणार होती. दिवस लांबत गेले तसं तिने ते काम ब्रँडी नावाच्या अठरा वर्षांच्या गायिकेला दिलं आणि स्वतः परी झाली. ब्रँडी कृष्णवर्णीय. तिच्या केसांच्या बारीक बारीक वेण्या ही तिची ओळख होती. त्या तशाच राहिल्या आणि मुकुट त्या वेण्यांवरच चढला. राणी झालेली व्हूपी गोल्डबर्ग कृष्णवर्णीय, राजा झालेले व्हिक्टर गार्बर गोरे, आणि त्यांचा राजपुत्र मनिलात जन्मलेला पाओलो माँटलबान. सावत्र आई गोरी, तिच्या दोन मुलींपैकी एक गोरी आणि एक कृष्णवर्णीय.

आता मोठ्या माणसांना कोडं पडणारच : हा मुलगा या दोघांचा कसा? पण त्या संपूर्ण कार्यक्रमात याबद्दल एक अक्षर नाही. राजपुत्र दत्तक होता असा एखादा संवाद टाकणं काही अवघड नव्हतं. तो टाकला नाही, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं. खुलासा केला असता तर प्रेक्षकांनी रंगाचा हिशेब मांडायला घेतला असता. खुलासाच नाही म्हटल्यावर पहिली दहा मिनिटं जाऊ द्यायची आणि मग गोष्टीत शिरायचं, एवढंच हातात उरतं. सहा कोटी लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. समीक्षकांचं सगळ्या बाबतींत एकमत झालं नाही, पण ज्या मुली तेव्हा पाच-सहा वर्षांच्या होत्या त्यांच्या मनात सिंड्रेला म्हटल्यावर ब्रँडीच उभी राहते. कीकी पामरनेही ब्रँडीमुळे आपल्याला ही वाट मिळाली असं मोकळेपणी सांगितलं आहे. गंमत म्हणजे ज्याला आपण प्रेक्षकांची सवय म्हणतो ती अशी एकेका पिढीत घडत जाते. तुमची नात तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसली होती, तिला चमत्कारिक वाटण्यासारखं काही नव्हतंच. तिच्या मनातलं सिंड्रेलाचं चित्र त्या संध्याकाळीच तयार होत होतं.

तुमचा दुसरा प्रश्न, लोक सभ्यतेपोटी गप्प बसतात का? काही जण बसत असतील. ज्यांना मुळातच नको असतं ते तिकीट काढत नाहीत, त्यामुळे नाट्यगृहात त्यांचा आवाज ऐकू येत नाही. तो आवाज कधी आणि कुठे फुटतो हे पाहण्यासारखं आहे. २००८ साली ‘द लिटल मरमेड’ ब्रॉडवेवर आलं तेव्हा त्यातली जलपरी एरियल गोरी होती आणि तिचे वडील, समुद्राचा राजा ट्रायटन, नॉर्म लुइस हे कृष्णवर्णीय नट होते. बाप असा आणि लेक अशी, तरी त्यावरून रान उठलं नाही. २०१९ मध्ये त्याच गोष्टीच्या चित्रपटासाठी हॅली बेली या कृष्णवर्णीय गायिकेची निवड जाहीर झाली आणि ‘ही माझी एरियल नव्हे’ म्हणत लोक समाजमाध्यमांवर तुटून पडले. तेव्हा चित्रीकरण सुरूही झालं नव्हतं.

यात माणसांच्या मनातल्या पूर्वग्रहाचा भाग आहेच, तो मी झाकत नाही. पण नाटक आणि सिनेमा यांच्या स्वभावातला फरकही आहे. सिनेमा चेहरा कायमचा ठसवून ठेवतो. १९८९ च्या कार्टूनमधली लाल केसांची एरियल तीस वर्षं डब्यांवर, दप्तरांवर, वाढदिवसाच्या केकवर होती. ते चित्र हललं की लोकांना स्वतःचं बालपण हलल्यासारखं वाटतं. नाटकात भूमिका नटापेक्षा जास्त जगते. ब्रॉडवेवर वर्षानुवर्षं चालणाऱ्या नाटकात नट बदलत राहतात. एखादा आजारी पडला तर ऐन वेळी बदली नट उभा राहतो आणि प्रेक्षक त्याच्यासाठीही टाळ्या वाजवतात. हेच नॉर्म लुइस २०१४ मध्ये ‘फँटम ऑफ द ऑपेरा’मध्ये फँटम झाले, ब्रॉडवेवरचे पहिले कृष्णवर्णीय फँटम. आपल्याकडे एकाच नाटकातली भूमिका तीन नटांनी केलेली पाहून ‘अमक्याचा तमका बघितलास का?’ असं ज्या प्रेमाने विचारतात, तशीच ती सवय आहे.

तुमची नात ज्या नाटकात काम करतेय त्याच्याच २०२२ च्या ब्रॉडवे प्रयोगातली एक गोष्ट सांगते. ‘इनटू द वुड्स’मध्ये जॅक नावाच्या पोराची एक म्हातारी गाय आहे, मिल्की व्हाइट. त्या प्रयोगात ती गाय म्हणजे एक बाहुली होती आणि तिला चालवणारा नट, केनेडी कानागावा, तिच्याशेजारी उघड उघड उभा असायचा. त्याचे हात दिसायचे, चेहरा दिसायचा, गाय दमली की तोही दमलेला दिसायचा. लोक त्याच्याकडे न बघता गायीकडे बघत, तिच्यासाठी हळहळत. त्याच प्रयोगात सिंड्रेला होती फिलिपा सू, जिचे वडिलांकडचे आजी-आजोबा चिनी. चेटकीण पॅटिना मिलर आणि रपंझेलचा राजपुत्र जोशुआ हेन्री, दोघेही कृष्णवर्णीय. जी माणसं बाहुलीत गाय बघतात त्यांना फिलिपा सूमध्ये सिंड्रेला दिसायला कितीसे कष्ट पडणार?

मात्र या विषयाला एक अवघड बाजू आहे आणि ती टाळून तुम्हाला उत्तर दिलं तर ते अर्धवट होईल. ज्या १९९७ मध्ये ब्रँडीची सिंड्रेला आली, त्याच वर्षीच्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये एक वाद भर सभेत झडला. एका बाजूला कृष्णवर्णीय नाटककार ऑगस्ट विल्सन, ‘फेन्सेस’ नाटकाचे लेखक. दुसऱ्या बाजूला समीक्षक-दिग्दर्शक रॉबर्ट ब्रुस्टाइन. ठिणगी पडली होती आदल्या वर्षी, तुमच्या नातीच्याच न्यू जर्सीत, प्रिन्स्टनला विल्सननी केलेल्या भाषणात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : आमच्या नटांना गोऱ्यांच्या नाटकांत गोऱ्यांच्या भूमिका देणं हा उपकार आम्हाला नको. रंगाकडे डोळेझाक करा म्हणजे आमच्या इतिहासाकडे डोळेझाक करा. द्यायचंच असेल तर आमच्या नाटकांना, आमच्या नाट्यगृहांना पैसा द्या.

हे बोलणं मला खोडून काढता येत नाही. रंग हाच ज्या गोष्टीचा कणा आहे तिथे तो विसरा म्हणणं म्हणजे गोष्टच विसरा म्हणणं. उलट बाजूनेही हा प्रश्न आलेला आहे. ‘मिस सायगॉन’मध्ये अर्ध्या व्हिएतनामी माणसाची भूमिका लंडनला जोनाथन प्राइस या गोऱ्या नटाने डोळ्यांना खोट्या पापण्यांची जोड देऊन केली होती. १९९० मध्ये त्याला ब्रॉडवेवर आणायचं ठरलं तेव्हा नटांच्या संघटनेने आधी नकार दिला, मग काही दिवसांतच माघार घेतली. आशियाई नटांना मुळातच जिथे कामं मिळत नाहीत, तिथे आशियाई माणसाची भूमिकाही गोऱ्याने रंगून करायची, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. तो राग योग्यच होता. ज्याला सगळी दारं उघडी आहेत त्याने एकुलतं एक दार अडवणं आणि ज्याला सगळी बंद आहेत त्याला एखादं उघडणं, या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत.

सिंड्रेलाच्या गोष्टीचा कणा कोणता? तिच्या नावातच तो आहे. सिंड्रेला हे नाव राखेवरून आलं. फ्रेंच पेरोने १६९७ मध्ये लिहिली तीही राखेची, जर्मन ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये छापली तीही राखेची. चुलीपाशी झोपणारी, अंगाला राख लागलेली, घरच्यांनीच घराबाहेर काढल्यागत वागवलेली मुलगी. आणि या दोघांच्याही आठशे वर्षं आधी, नवव्या शतकात, चीनमध्ये तुआन छंग-षर नावाच्या माणसाने ये-शिएन या मुलीची गोष्ट लिहून ठेवली आहे. सावत्र आई, जत्रा, हरवलेला सोन्याचा जोडा आणि तो जोडा कुणाला बसतो ते शोधणारा राजा, सगळं त्यात आहे. तेव्हा सिंड्रेला गोरीच असली पाहिजे हा हट्ट गोष्टीचा नाही, आपण लहानपणी पाहिलेल्या चित्रांच्या पुस्तकाचा आहे.

आणि असे हट्ट बाजूला ठेवायची आपल्याला काय कमी सवय आहे? बालगंधर्वांची भामिनी पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की शालूखाली नारायणराव राजहंस आहेत. तरी बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला शिकल्या. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी केली, २०१८ मध्ये वैभव मांगलेंनी केली, आणि कुठल्याही पोराने ‘हा तर काका आहे’ म्हणून रडून तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत. २०१५ मध्ये वरळीला एनएससीआय डोममध्ये डिस्नेचं ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ झालं, विक्रांत पवार यांनी बसवलेलं. फ्रान्समधलं खेडं, फ्रेंच नावं, आणि झाडून सगळे नट आपल्याकडचे. मुंबईकरांनी ‘नायिका बेल फ्रेंच का नाही?’ असं विचारलं नाही. उलट मुलांना कडेवर घेऊन रांगा लावल्या.

इथवर लिहून मला थांबता आलं असतं. पण तुमची काळजी ‘तिकडच्या’ प्रेक्षकांची आहे आणि मला आठवण झाली ती इकडच्या एका स्नेहसंमेलनाची. चाळीसएक वर्षं झाली. मी नुकतीच शिक्षिका झाले होते आणि ‘हिमगौरी आणि सात बुटके’ बसवत होते. आता या गोष्टीत मात्र गोरेपणा नावापासूनच आहे. बर्फासारखी पांढरी मुलगी हवी असं तिची आई मागते, हे मूळ गोष्टीतच आहे. वर्गात सगळ्यात गोड गाणारी मुलगी सावळी होती, अगदी तुमच्या नातीसारखी असावी. वरिष्ठांचं म्हणणं पडलं, ‘हिमगौरी काळी कशी चालेल? दुसरी एखादी उभी करा, हिला विंगेतून गाऊ द्या.’ मी भांडले. तडजोड अशी निघाली की काम तिनेच करायचं, पण तिला गोरी करायची.

रंगपटात तिला मीच रंगवलं. सफेदा पाण्यात कालवून स्पंजने चेहऱ्यावर, गळ्यावर, हातांना कोपरापर्यंत. त्यावर पावडर, त्यावर गालांना लाली. ती डोळे मिटून, श्वास धरून बसली होती. कानांच्या मागे आणि मानेवर, केस वर बांधले तिथे, तिचा मूळ रंग तसाच राहिला होता आणि दोन्हींच्या मध्ये एक सरळ रेघ दिसत होती. मी ती रेघ पुसट करायचा प्रयत्न केला आणि ती आणखीच ठळक झाली. तिसरी घंटा झाली. दिव्यांची धग, त्यात फेब्रुवारीतला बंदिस्त हॉल. दुसऱ्या गाण्याला तिला घाम फुटला, कपाळावरून ओघळ आले, तिने नकळत मनगटाने गाल पुसला आणि बुटका झालेल्या पोराच्या हिरव्या सदऱ्यावर पांढरे पट्टे उमटले. पुढच्या सतरंजीवरून एक पोर ओरडलं, ‘बाई, तिचा रंग निघाला!’ हॉल हसला. ती गात राहिली, पण आवाज आत ओढला गेला होता.

त्या दिवशी प्रेक्षक कशाला हसले यावर मी पुष्कळ विचार केला आहे. पडदा उघडला तेव्हा कुणी हसलं नव्हतं. तिचा सूर लागला तेव्हा हॉल शांत होता. हशा पिकला तो मी फासलेल्या सफेद्याला. आम्ही प्रेक्षकांना घाबरून तो फासला होता आणि प्रेक्षकांनी तर काही मागितलंच नव्हतं. त्यानंतर मी बसवलेल्या एकाही बालनाट्यात कुणा मुलीला गोरं केलं नाही. हिमगौरी पुन्हा दोनदा केली. एकदा पांढरा झगा आणि पाठीमागे निळा प्रकाश एवढ्यावर बर्फ उभा केला. लोकांना तो दिसला.

म्हणून तुमच्या नातीबद्दल एक लहानशी विनंती. तालमींच्या शेवटच्या आठवड्यात कपडेपट आला आणि त्यात पिवळा टोप निघाला, तर तो तिला घालायचा आहे का, एवढं तिला विचारा. तिला आवडत असेल तर खुशाल घालू दे, नाटकात टोप घालण्याची मजा असतेच. पण ‘सिंड्रेला म्हणजे सोनेरी केस’ एवढ्याच कारणासाठी कुणी तो तिच्या डोक्यावर ठेवत असेल, तर ब्रँडीच्या वेण्यांवर चढलेला मुकुट तिला दाखवा. तिच्या स्वतःच्या वेणीवर सुद्धा मुकुट बसतो.

कुणी बोललं तर? बोलू शकतं. वर्गातलं एखादं पोर, एखादा पालक, मोबाइलवर नाव लपवून कुणीतरी. बोलणार नाहीत असा भरवसा मी देऊ शकत नाही. पण ते प्रयोगाच्या आधी बोलतील किंवा नंतर. प्रयोग चालू असताना ती जागा तिची असते, आणि तिथे तिला सांभाळायला स्टीफन साँडहाइमचं संगीत आहे. ते सोपं नाही. शब्द भराभर येतात, श्वासाला जागा कमी, सूर नको तिथे वळतो. तिला त्या कामासाठी निवडलं ते गळ्याकडे बघून, हे ऐकणाऱ्याला पहिल्या दोन ओळींतच कळतं.

तुम्ही प्रयोगाला जाणार असाल, किंवा घरच्यांनी पाठवलेलं चित्रण बघणार असाल, तर पहिल्या अंकाच्या उत्तरार्धात राजवाड्याच्या पायऱ्यांचा प्रसंग येतो तिथे नीट लक्ष ठेवा. या नाटकातली सिंड्रेला ग्रिमची आहे. परी नाही, काचेचा बूट नाही; आईच्या कबरीवरचं झाड आहे आणि सोन्याचा जोडा आहे. राजपुत्राने पायऱ्यांवर डांबर ओतून ठेवलंय आणि पळता पळता तिचा पाय त्यात चिकटतो. राजवाड्यात राहावं की घरी जावं, तिला ठरवता येत नाही. आपण जिथून आलो ती जागा नको आणि जिथे पोहोचलो तीही आपली वाटत नाही, अशा पेचात ती मध्येच उभी आहे. शेवटी ती ठरवते की आपण ठरवायचंच नाही. एका पायातला जोडा मुद्दाम तिथेच ठेवते आणि एका पायाने अनवाणी निघून जाते. तुम्ही २०१४ मध्ये पाहिलेल्या सिंड्रेलानेही दुसऱ्या अंकात जोडा असाच जाणूनबुजून मागे ठेवला होता. आठवतो का? नातीला विचारा, तिला नक्की आठवत असेल. आणि तिच्या जोड्याचं माप घरी कुणाला माहीत असेल तर शाळेला आधीच कळवा. उसन्या जोड्यात त्या पायऱ्या उतरणं फार कठीण जातं.